हाराखालचं नाव

ऑकलंडमध्ये कावळा नाही. पुण्याच्या गुरुजींनी साळुंकीला परवानगी दिली आहे.

*

त्या आंतरराष्ट्रीय सभागृहात एका देशाला एक मत. मोतुलेआ या छोट्या बेट-देशातली सगळी माणसं ऑकलंडच्या फ्लॅट बुशमधल्या एका शाळेच्या मैदानावर मावतील. त्यांचं मत एक. भारताचंही एक.

*

नातीचे, ऋग्वेदाचे, पोहायचे टॉग्ज कुंपणावर वाळत आहेत. आजी म्हणाली, आजच्या दिवस तेवढे आत घे. ऋग्वेदा म्हणाली, "दे आर वेट, आजी."

*

स्टिकर पोस्टकार्डाएवढा असतो. त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: न्यूझीलंडच्या जनतेकडून. तो मदत म्हणून दिलेल्या मशीनच्या दर्शनी भागावर, फोटोत येईल असा लावायचा, अशी सूचना असते.

*

डॉक्टर शिरीषनं एकदा गुरुजींना फोन करून विचारलं होतं, "प्लास्टिकचा झेंडू चालेल का हो? बेटावर ताजी फुलं आत नेऊ देत नाहीत." गुरुजी म्हणाले, "तुम्ही तिथे पोचताय ना? मग चालेल."

*

सुलेखाचा फोन ओट्यावर पालथा पडला आहे.

*

नीलांबरीनं पान डेकच्या कठड्यावर ठेवलं. वडा, खीर, गवारीची भाजी, भाताचा गोळा. केळीचं पान फ्रीजरमधलं, वितळून कडेला काळं पडलेलं. शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलिनवर चार साळुंक्या बसून होत्या. बघत होत्या. येत नव्हत्या.

"आई, आपण इथे उभं राहिलो तर त्या कशा येतील?" अभिषेक म्हणाला. सोवळं म्हणून त्यानं लग्नातला कद नेसला होता आणि वर गारठा म्हणून ऑफिसची फ्लीस घातली होती.

"तुझे बाबा आहेत ते. घरच्या माणसांना बुजतील?"

"बुजणार नाहीत. वडा जरा निवायची वाट बघतील."

नीलांबरी हसली आणि लगेच पदर तोंडाशी नेला. शिरीष जाऊन वर्ष झालं होतं. टॅबलेटवरच्या गुरुजींनी मघाशी ‘अस्मत्पितुः शिरीषशर्मणः’ म्हटलं, तेव्हा तिला वाटलं होतं, हा कोण नवाच माणूस.

"इच्छा राहिली असेल काही," ती म्हणाली. "कुणीतरी तोंडानं म्हणावं लागतं. तुमचं अमुक आम्ही बघू. मग शिवतो कावळा."

"काय म्हणायचं?"

"बेटावरच्या दवाखान्याचं बघतो म्हणावं."

अभिषेकनं काचेच्या दारातून आत पाहिलं. सुलेखा, त्याची थोरली बहीण, पाठमोरी उभी राहून ताटं पुसत होती. सकाळच्या विमानानं वेलिंग्टनहून आली होती.

"ते माझ्या हातात नाही, आई."

"तुझ्या म्हटलं का मी?"

*

"सुलेखाताई, एक विचारू?" सलोनी मिक्सर थांबवून म्हणाली. आल्याच्या चटणीचा वास डोळ्यांत जात होता.

"नको विचारूस."

"बरं. न विचारता सांगते." सलोनी अभिषेकची बायको, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिसची नर्स. सासऱ्यांबरोबर एकदा मोतुलेआला जाऊन आली होती. "बाबांनी तिथं उभी केलेली तीन मशीनं जूनमध्ये बंद होणार. आठ पेशंट आहेत. आठवड्यातून तीनदा मशीन नाही मिळालं, तर ती माणसं पंधरा दिवसही काढत नाहीत. किंवा मग इकडे ऑकलंडला यायचं, मनुरेवात कुणाच्या तरी गॅरेजमध्ये राहायचं आणि मरेपर्यंत परत जायचं नाही. एवढंच. झालं सांगून."

"मला माहीत आहे, सलोनी."

"माहीत असणाऱ्यालाच सांगते आहे."

सुलेखानं पुसलेलं ताट पुन्हा पुसलं. तिचं काम मतं जमवण्याचं. एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मंडळावर न्यूझीलंडला जागा हवी होती. दोन वर्षं ती छोट्या छोट्या देशांच्या प्रतिनिधींबरोबर कॉफी पीत होती. तुम्हाला मशीनं दिली, आता मत द्या, असं कुणी कुणाला म्हणत नाही. मदतीची बैठक वेगळ्या मजल्यावर होते आणि मतांची वेगळ्या. लिफ्टमध्ये मात्र सगळे भेटतात. नोव्हेंबरात मतदान झालं. न्यूझीलंड दोन मतांनी हरलं. मतदान गुप्त होतं. त्यानंतर महिन्याभरात मदतीचा ‘आढावा’ हा शब्द दोन्ही मजल्यांवर ऐकू यायला लागला.

वडील त्या दवाखान्यात काम करतात, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. नियम तसा होता आणि तिला नियम आवडायचा. त्यामुळे दवाखान्याचा विषय निघाला की ती खोलीबाहेर जाऊन बसायची. वडील गेले, तरी नियम राहिला.

"मी त्यावर बोलू शकत नाही," ती म्हणाली. "बोलले, तर माझ्या बोलण्यामुळेच तो विषय बाद होईल."

"हो का? सोयीचं आहे."

*

ऋग्वेदानं मनात केलेली मोजणी, जेवणाआधी.

आत्याच्या बाजूनं: बाबा.
आत्याच्या विरुद्ध: आई, आजी.
तटस्थ: मी. आजोबा (फोटोत).

*

तेउइला आली ती खांद्यावर चटईची गुंडाळी घेऊनच. मोतुलेआच्या दवाखान्याची ती मुख्य नर्स. मनुरेवात भाचीकडे उतरली होती. रबरी जॅन्डल्स दाराशी काढून ती सरळ शिरीषच्या फोटोपुढे गेली, आणि तिनं ती चटई, केसांसारख्या बारीक पात्यांची, चार महिने विणलेली, फोटोखाली अंथरली.

नीलांबरी गोंधळली. श्राद्धाच्या दिवशी घरात वस्तू घ्यावी की नाही, हे तिला आठवेना. मग तिनं तेउइलाचे दोन्ही हात धरले आणि विचारायचं राहूनच गेलं.

"किया ओरा, डिअर," तेउइला ऋग्वेदाला म्हणाली. "तू डॉक्टरांसारखी उभी राहतेस. एक पाय दुमडून."

जेवायला सगळे एका टेबलाशी बसले. तेउइलासाठी बोलणं इंग्रजीत चाललं, आणि रागावलं की मराठीत. खीर तिला आवडली. वडे तिनं चार खाल्ले.

"पेनी कसा आहे?" सलोनीनं विचारलं. पेनी म्हणजे तेउइलाचा नवरा. आठांपैकी एक.

"जिवंत आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीनला बांधलेला. जून म्हटलं की तो भिंतीकडे तोंड करतो. मी म्हटलं, चल ऑकलंडला, भाचीचं गॅरेज आहे. तो म्हणतो, गॅरेजात गाडी मरते, मी नाही." ती हसली. बाकी कुणी हसलं नाही. मग ती सुलेखाकडे वळली. "तू डॉक्टरांची मोठी मुलगी. तू सरकारात आहेस. तुमचं सरकार डॉक्टरांची मशीनं बंद करतंय म्हणे. मला कुणीतरी नीट सांग. आम्ही काय केलं?"

सुलेखानं पाण्याचा पेला पुढे ओढला.

"तो मतांचा विषय आहे का? लोक म्हणतात, मतांचा आहे. पण ते मत आम्ही धक्क्यासाठी दिलं."

अभिषेकचा हात भातावरच थांबला.

"कुठला धक्का?" त्यानं विचारलं.

"बोटींचा. त्या दुसऱ्या देशानं बांधून दिला. वादळानं जुना गेला, तर दीड वर्षात नवा. तिथे फलक आहे, माणसाहून उंच. त्यांचा मंत्री आला, जेवला, म्हणाला, आम्हाला मत द्या. आम्ही दिलं. मागितलं की द्यायचं, त्यात काय."

"तुम्हाला कसं माहीत?" सुलेखानं विचारलं. आवाज बैठकीतला होता. "मतदान गुप्त होतं."

"मत द्यायला माझ्या बहिणीचा नवरा गेला होता. आमच्याकडे गुप्त म्हणजे चर्चमध्ये बोलायचं नाही."

"आणि आमची मशीनं?" सुलेखा म्हणाली. "त्यांचं काय?"

"तुमची?" तेउइला गोंधळली. "डॉक्टरांची ना?"

"सरकारची. न्यूझीलंडच्या सरकारची. तसं लिहिलंय त्यांच्यावर."

"काही लिहिलेलं नाही," तेउइला म्हणाली. तिनं फोन काढला, फोटो शोधला आणि ऋग्वेदाच्या हातात दिला, कारण तीच जवळ होती.

*

ऋग्वेदाला दिसलं ते हे. पांढरी खोली. तीन मशीनं, माणसाच्या छातीएवढी उंच. आजोबा स्वच्छ शर्टात, हातात कुंकवाचा करंडा, तोंड उघडं, म्हणजे काहीतरी विनोद चालू. खुर्च्यांवर नळ्या लावलेली माणसं हसताहेत. प्रत्येक मशीनच्या डोक्यावर कुंकवाचं बोट. प्रत्येक मशीनला केशरी झेंडूचा हार, गळ्यातून पुढे आलेला, जाड.

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. हाराच्या खालच्या कडेशी एक निळा कोपरा होता.

"देअर," ती म्हणाली. "इट्स अंडर द फ्लॉवर्स."

फोन हातोहात फिरला. नीलांबरीपाशी आला तेव्हा तिनं चष्मा कपाळावर चढवला, आणि तिला हसू फुटलं. खरंखुरं, वर्षभरात न आलेलं.

"अगं, खंडेनवमी! मशीनांची पूजा मांडली यानं. पुण्याला बीपीच्या यंत्राला हार घालायचा. एका वर्षी कंपाउंडरच्या सायकलला, माझ्या औषधांच्या तराजूला. मला म्हणायचा, निलू, जे आपल्याला पोसतं त्याला एक दिवस तरी हात जोडावेत." ती थांबली. "पण इतके छान हार तिकडे कुठून मिळाले याला?"

सुलेखा वाटीतल्या खिरीकडे बघत राहिली. खिरीवर साय धरली होती.

"डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी आलो की बदलीन," तेउइला म्हणाली. "तोवर राहू देत. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. आता कोण काढणार? आम्ही रोज पुसतो फक्त."

"म्हणजे अजून आहेत?"

"आहेत ना. आमच्या बेटाचे मंत्री फोटो काढायला आले तेव्हाही होते. त्यांना आवडले." तिनं वाटी खाली ठेवली. "डॉक्टर आले, मशीनं आली. डॉक्टरांनी कधी काही मागितलं नाही. मत मागितलं असतं तर डॉक्टरांना दिलं असतं. ते गेले तेव्हा आमची वीस माणसं विमानानं इथे आली. आम्हाला वाटलं, जे द्यायचं ते आम्ही त्यांना दिलं."

*

पहिली सलोनी बोलली, मराठीत.

"ऐकलंत ना? यांना माहीतच नव्हतं. जा आणि सांगा तुमच्या लोकांना."

"ती नाही सांगू शकत," अभिषेक म्हणाला. "किती वेळा तेच."

"तू तिची वकिली करू नकोस. तुझे बाबा तिथे प्लंबिंगसुद्धा स्वतः करायचे. तू एकदा गेलास का?"

"आता ते कशाला मधे?"

"मधे तेच आहेत. भिंतीवर आहेत, बघ."

"सुलू," नीलांबरी म्हणाली, "मला तुझ्यातलं काही कळत नाही. पण एक शब्द टाक. बाहेर ते पान तसंच पडलंय."

सुलेखानं मान वर केली.

"माझ्या एका शब्दानं बंदच पडेल ते, आई. दवाखान्याबद्दल मला कुणी विचारणार नाही. पण मताबद्दल विचारणार. मोतुलेआचं मत कुणाला गेलं, तुझी ओळख आहे तिथे, तुला काही कळलं का, असं ऑफिसातल्या ग्रॅहमनं परवा विचारलं. मी खरं सांगितलं, मला माहीत नाही. आज संध्याकाळी आढाव्याचा कागद मंत्र्यांकडे जाईल. त्याआधी तो पुन्हा विचारणार." तिनं तेउइलाकडे पाहिलं नाही. "आणि आता मला माहीत आहे."

तेउइलाला शब्द कळले नाहीत, पण टेबल कळलं. तिनं हात तोंडावर ठेवला.

"मी बोलायला नको होतं," ती इंग्रजीत म्हणाली.

"तुम्ही काही बोललाच नाहीत," नीलांबरी तिला म्हणाली, आणि मग मुलीला, मराठीत, "आणि तू काही ऐकलं नाहीस. आज बापाचं श्राद्ध होतं. तू जेवत होतीस. कळलं?"

"आई, खोटं बोल म्हणतेस तिला?" अभिषेक म्हणाला.

"हो, म्हणते."

"तुला ठाऊक आहे, हे उद्या बाहेर आलं तर तिचं काय होईल?"

"पेनीचं काय होईल ते ठाऊक आहे."

"आजी इज राइट," ऋग्वेदा म्हणाली. "आत्या, जस्ट से यू डोन्ट नो."

"ऋगू, तू गप्प बस," सलोनी म्हणाली. आणि मग, आवाज एकदम उतरवून, "ताई, नका बोलू खोटं. तुमच्यानं जमणार नाही ते. तुमचा चेहरा फोनवरसुद्धा दिसतो."

ओट्यावरचा फोन पालथाच थरथरायला लागला.

*

दुसरी मोजणी.

खोटं बोल म्हणणारे: आजी, मी.
बोलू नको म्हणणारे: बाबा, आई. (एकाच बाजूला! फर्स्ट टाइम.)
तेउइला: रडते आहे, म्हणून मोजली नाही.

*

डेकवर ऊन होतं, पण वारा टोचत होता. सुलेखा कठड्याच्या टोकाला, पानापासून लांब उभी राहिली.

नीलांबरी पान बघायला बाहेर आली. मुलीचं ऐकायचं म्हणून आली नव्हती; निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. पस्तीस वर्षं तिनं औषधांच्या दुकानात काढली होती, त्यातली पंधरा इथे. इंग्रजी तिला कळायचं, हळू आवाजातलंही.

"हो, ग्रॅहम. कळलं," सुलेखा म्हणत होती. "दुसऱ्या बाजूला गेलं."

नीलांबरीनं कठडा धरला.

"नाही. थांब. त्यांनी पाठ फिरवली असं लिहू नकोस. मशीनं आपली आहेत, हे त्यांना माहीतच नव्हतं. नाव झाकलेलं होतं... तिन्हींवरचं. दीड वर्ष." थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली. "माझ्या वडिलांनी."

पलीकडून प्रश्न आला असावा. सुलेखानं डोळे मिटले. खंडेनवमी समजावून सांगायला ग्रॅहमपाशी वेळ नव्हता. हार, करंडा, पुण्याची सायकल, औषधांचा तराजू. पाच मिनिटांच्या फोनमध्ये त्याचा विनोद झाला असता आणि विनोद कागदावर चढत नाही. मोठेपणा मिरवणारा म्हातारा डॉक्टर मात्र एका वाक्यात कळतो. असे तो रोज भेटत होता.

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम. त्यांना स्वतःच्या नावावर हवं होतं ते. सगळं त्यांनीच केलं, असं लोकांना वाटायला हवं होतं."

वाऱ्यानं पानाची कड उचलली आणि सोडली.

"आता ते नाहीत, ग्रॅहम. मोठा बोर्ड लावा. दारावरच लावा. मशीनं चालू ठेवलीत तर पुढच्या निवडणुकीत ते मत आपलं आहे. बंद केलीत, तर कधीच नाही. मी दवाखान्याबद्दल बोलत नाहीये. मताबद्दलच बोलते आहे. हो. लिही तसं. माझं नाव घालून लिही."

तिनं फोन बंद केला. वळली तेव्हा आई तिथे होती.

ट्रॅम्पोलिनवर आता एकच साळुंकी उरली होती.

"तो असा नव्हता," नीलांबरी म्हणाली.

"माहीत आहे."

"आजच्या दिवशी."

"माहीत आहे, आई."

नीलांबरीनं हात पुढे केला. सुलेखाला वाटलं, आता मारते. लहानपणीसुद्धा आईनं कधी मारलं नव्हतं. नीलांबरीनं तिच्या बाहीवर पडलेलं भाताचं शीत काढलं आणि पानावर परत ठेवलं. मग ती पानाकडे तोंड करून म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, "दवाखान्याचं बघितलंय हो मुलीनं. कसं ते विचारू नका."

आणि ती आत गेली, तेउइलासाठी उरलेले वडे डब्यात भरायला.

*

मशीनं जूनमध्ये बंद झाली नाहीत. एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, तीही जूनच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर दोघं पेशंट घाबरून मनुरेवात आले होते. त्यातली एक, शाळेत शिकवणारी बाई, तिथल्या गॅरेजमध्ये पहिल्याच थंडीत न्यूमोनियानं गेली. पेनी अजून सोमवार, बुधवार, शुक्रवार खुर्चीत बसतो आणि खिडकीतून दिसणाऱ्या बोर्डाला शिव्या देतो, कारण त्यानं धक्का दिसेनासा झाला आहे. बोर्ड दवाखान्याच्या दारापेक्षा रुंद आहे.

हार काढून तेउइलानं खोक्यात घालून फ्लॅट बुशला पाठवले. नीलांबरीनं खोकं उघडून बघितलं, पुन्हा चिकटपट्टी लावली आणि गॅरेजमध्ये शिरीषच्या पुस्तकांवर ठेवून दिलं. सुलेखा दिवाळीला आली, पण त्या बाजूला गेली नाही. सलोनीनं तिला कामाबद्दल परत कधी छेडलं नाही; उलट अभिषेकच कधी कधी दारू थोडी जास्त झाली की विचारायचा, "ताई, बाबांबद्दल नेमकं काय लिहिलंय गं त्यात?" आणि नीलांबरी म्हणायची, "जेव."

मंत्र्यांकडे गेलेल्या कागदात शिरीषबद्दल एकच ओळ आहे: ‘मदतीचे श्रेय स्थानिक पातळीवर संबंधित डॉक्टरांनी हेतुपुरस्सर स्वतःकडे घेतल्याचे कुटुंबीयांकडून समजते.’

त्या दिवशी पान कधी रिकामं झालं, ते कुणी पाहिलं नाही.

शिरीष बेटावर जायच्या आदल्या दिवशी ते तीन हार सुलेखानं मनुरेवातल्या एका दुकानातून आणले होते. त्यानं बारीक सांगितले होते. तिनं रुंद घेतले.